मामींच्या नावावरचा खड्डा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला ओळखणारे लोक हे वाक्य वाचून हसतील. ह्या माणसानं सांगायचं म्हणून काही शिल्लक ठेवलंय का? — बरोबर आहे. माझ्या फजित्या मी वर्षानुवर्षं फुकट वाटत आलोय. भलत्याच लग्नात पोटभर जेवून, आहेर देऊन, नवरदेवाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढल्यावर मग कळलं की आपल्याला बोलावणारे लोक पलीकडच्या मंडपात वाट बघतायत — ते सांगितलंय. हेडमास्तरांच्या निरोपसमारंभात चुकून श्रद्धांजलीचं भाषण केलं, तेही सांगितलंय. भालकीच्या स्टँडसमोर चहा पिताना, शाळेच्या स्टाफरूममध्ये, गावोगावच्या स्टेजवर. लोक हसतात. लोक हसले की मला वाटतं, चला, आपण मोकळे झालो.

पण सांगणारा माणूस निवडून सांगतो, हे तुम्हाला माहीत आहे ना? ही एक गोष्ट मी निवडलेल्यांत नाही. किंवा — थांबा, खोटं नको. ही गोष्टही मी सांगितलीय. खूपदा सांगितलीय. फक्त तिच्यातलं माणूस बदलून.

तिकडे येतोच. आधी मैत्रीचं सांगतो.

मैत्री म्हणजे माझी मुलगी. आता नववीत — म्हणजे वर्गात नाही, वयात. नववं वर्ष लागलंय आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरते. पण एकवीस महिन्यांची होती तेव्हा तिला धड चालता येत नव्हतं. चालायची म्हणजे काय, दोन्ही हात वर, पाय फाकलेले, चार पावलं आणि धप्प. पाचवं पाऊल तिच्या नशिबात नव्हतंच. पडताना हात पुढे करायचे असतात हे लेकरांना कुणी शिकवावं लागत नाही, पण हिला ते ठाऊकच नव्हतं. तोंडावर पडायची. कपाळावर कायम एक टेंगूळ, जुनं बसायच्या आत नवं.

आणि मी काय करायचो? नक्कल करायचो. पाहुणे आले की मी तिच्यासारखा हात वर करून चार पावलं टाकायचो आणि सोफ्यावर आदळायचो. पाहुणे हसायचे, मैत्रीही हसायची. माझी बायको सुजाता तेवढी हसायची नाही. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. लेकरं कधी बसतात, कधी उभी राहतात, कधी चालतात, हे तिला पाठ. पण ती महिने मोजत बसायची नाही. महिने मोजायचो मी. तेही चोरून.

संडासात बसून मोबाइलवर वाचायचो. "दीड वर्षाचं मूल न चालल्यास" — एवढं टाकलं की तो मोबाइल असे असे आजार दाखवायचा की मी तिथून उठून थेट मैत्रीचे पाय दाबून बघायचो. डॉक्टर लोक गुडघ्यावर हातोडी मारतात हे कुठंतरी पाहिलेलं, म्हणून मी चमच्यानं तिच्या गुडघ्यावर टकटक करायचो. पाय उडाला की काळजी, का उडाला? नाही उडाला की काळजी, का नाही उडाला? सुताराकडून सागवानी पांगुळगाडा करून घेतला. त्यावर मैत्री सोडून सगळे चालले. तिची आजी, सुजाताची आई, तर त्यात कांदे घालून मागच्या दारातून पुढे आणायची. चालताना पीं पीं वाजणारे बूट आणले. ते वाजले की मैत्री दचकायची आणि दचकली की पडायची. चार दिवसांत सुजातानं ते कपाटावर टाकले.

बीदरला लेकरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला उलटीपालटी करून बघितलं, उभी केली, बसवली, आणि म्हणाले, स्नायू जरा ढिले आहेत, घाबरण्यासारखं नाही, रोज व्यायाम करून घ्या. चालेल. वेळ लागेल.

किती?

लागेल.

सुजाता शांतपणे कागद घेऊन उठली. मी मात्र तेव्हापासून त्या "लागेल"वर बसलो होतो — गळवावर बसल्यासारखा. एखाद्यानं सांगितलं असतं की चालणार नाही, तर मी रडलो असतो आणि कामाला लागलो असतो. सांगितलं असतं की दोन महिन्यांत चालेल, तर दिवस मोजले असते. पण नुसतं लागेल? माझ्यासारख्या माणसानं त्याचं काय करायचं?

व्यायाम कोण घ्यायचं? मी नाही. मी दोनदा घेतले आणि दोन्ही वेळा मध्येच गंमत करायला लागलो. ते घ्यायच्या मामी.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो. आम्ही दोघं नोकरीवाले, म्हणून लेकीच्या लेकीला सांभाळायला औरादकडच्या आपल्या खेड्यातून येऊन राहिल्या होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही म्हणजे अंगठा. पण डॉक्टरांनी कागदावर काढून दिलेली चित्रं त्यांनी अशी वाचली की काय सांगू. पाटावर बसव, उठव. खाली परातीत तुरीच्या शेंगा, वर खिडकीच्या फळीवर वाटी. मैत्रीनं एक शेंग उचलायची, उभं राहायचं, वाटीत टाकायची, परत बसायचं. सकाळी वीस शेंगा, संध्याकाळी वीस. मोजायच्या कन्नडमध्ये, कारण तरुणपणी कन्नड मुलखात ऊस तोडायला गेल्या तेव्हा मोजणं तिकडेच शिकल्या. ओंदु, एरडु, मूरु. मैत्रीचा पहिला आकडा कन्नड आहे तो असा.

अजून एक सांगायला पाहिजे. आमच्या दोन्ही घरांत आजोबांच्या पिढीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी शिकलेला, म्हणून मी त्यावर भाषणं करायचो. मामी अडाणी, म्हणून त्या ते पाळायच्या. ग्रहण लागलं की आमच्या गल्लीतल्या बायका पाणीसुद्धा पीत नसत, आणि मामी मुद्दाम पुढचं दार उघडं टाकून चूल पेटवायच्या. भाकरीची थाप रस्त्यावर ऐकू जाईल अशी. "बोलून कुनाला पटतंय? खाऊन दावावं लागतं," म्हणायच्या.

मी बोलणाऱ्यांतला. हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी खेड्यापाड्यांत अंधश्रद्धेवर बोलायला जातो. माझं गाजलेलं भाषण कुठलं? तेच — ग्रहणाचं. कलबुर्गीकडच्या काही गावांत सूर्यग्रहण लागलं की पायानं अधू असलेल्या लेकरांना उकिरड्याच्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरतात. ग्रहण सुटेपर्यंत ठेवतात. पायात बळ येतं म्हणे. मी स्टेजवर स्वतः गुडघ्यावर बसून, मुंडी तेवढी वर काढून, ते लेकरू व्हायचो. "अहो अप्पा, पाय आले की नाही बघायला तरी मला वर काढा!" लोक लोटपोट.

गाव कुठलं, रस्ता कुठला, खड्डे कुठे खणतात, लेकरू किती वाजता उतरवतात — सगळं मला तोंडपाठ होतं. पत्ता विचारायची वेळच आली नाही.

आता कळलं ना तुम्हाला?

पण एकदम नाही गेलो. माणूस एकदम जात नाही. आधी पिंकी आली. पिंकी शेजारची, मैत्रीपेक्षा दोन महिन्यांनी लहान. मैत्री जमिनीवर उताणी पडली होती आणि पिंकी चेंडूमागं धावत आली. धावत! — आणि मैत्रीला ओलांडून गेली. जसा आपण उंबरा ओलांडतो. खाली बघितलंसुद्धा नाही. लेकराला ओलांडलं की वाढ खुंटते, परत उलटं ओलांडलं की उतरते — हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? मी हसलो. हसत हसत पिंकीला उचललं आणि मैत्रीवरून उलटी परत आणली. गंमत म्हणून. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग ती गंमत कुणासाठी होती?

त्यानंतर पंधरा दिवसांनी ग्रहण होतं. थंडीतलं, सकाळचं.

आदल्या दिवशी मी शाळेत नेहमीचं भाषण केलं. मुंडी वर काढली. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुजाता ड्यूटीवर गेली, आणि मी हेडमास्तरांना फोन केला की मैत्रीला ताप आहे, ग्रहण तुम्हीच दाखवा. मामींना सांगितलं, मैत्रीला शाळेत नेतो, पोरांबरोबर ग्रहण बघेल. मामी पिठाचा डबा काढत होत्या. "थंडी हाय, लेकराला टोपी घाला," एवढंच म्हणाल्या.

टोपी घातली. उपरण्यानं तिला पोटाशी बांधली आणि मोटारसायकल हुमनाबादच्या रस्त्याला काढली. दोन्ही बाजूला तूर उभी, शेंगांनी वाकलेली. मैत्री हात काढून शेंगांकडे करायची आणि म्हणायची, ओंदु. मी म्हणायचो, व्हय बाळा, ओंदु. वाटेत दोन वेळा गाडी थांबवली. दोन्ही वेळा ठरवलं, परत फिरायचं. दोन्ही वेळा घड्याळात बघितलं आणि वाटलं, अजून गाठता येईल. भीती कशाची होती सांगू? पाप लागेल याची नाही. कुणी बघेल याचीही नंतर. भीती ही, की समजा हे खरं असलं तर? आणि मी माझ्या भाषणापायी लेकराचे पाय घालवले तर?

पोचलो तेव्हा निम्मं ग्रहण उरलं होतं. ऊन होतं, पण त्याच्यात धार नव्हती. दहा-बारा खड्डे. काही लेकरं आत होती. मोठी होती काही, दहा-बारा वर्षांची, गळ्यापर्यंत. एक बाई आपल्या लेकाच्या तोंडात बिस्किट भरवत होती. कुणी हसत नव्हतं. माझ्या भाषणात तिथं सगळे बावळट दिसतात. प्रत्यक्षात तिथं नुसते आईबाप होते.

आणि त्यांत एक ओळखीचा निघाला. माझ्या शाळेतल्या एका पोराचा बाप. कडेवर धाकटी लेक, पाय लोंबणारे. खड्ड्याच्या काठावर उभा होता, मन होत नव्हतं.

"सर? तुमी बी आलाव?"

मी मैत्रीची टोपी नीट केली.

"मंग खोटं न्हाई म्हना की हे," तो म्हणाला. आणि वाकून लेक आत ठेवली. मग हळूच, "सर, शाळेत सांगू नका बरं का. थोरलं तुमच्याच वर्गात हाय. तुमी हसवताव, पोरं चिडवतेत त्याला."

मी त्याला वचन दिलं. बघा — त्यानं माझ्याकडून वचन घेतलं.

मैत्री छातीपर्यंत बुडेल एवढा खड्डा मीच शोधला. मातीत शेण, काडीकचरा, राख. गार होती. मी तिला उभी धरली आणि दुसऱ्या हातानं माती ओढली. ती घाबरली, मग रडायला लागली, अगदी श्वास जाईपर्यंत. आजूबाजूचे बघायला लागले. मग मी काय केलं असेल? मला जे येतं ते. कानाला हात लावून माकड झालो. जीभ काढली. सोफ्यावर आदळायची ती नक्कल तिथं मातीत आदळून केली. दोन वेळा, तीन वेळा. आणि ती हसली. डोळ्यांत पाणी, नाकात शेंबूड, छातीपर्यंत उकिरड्यात, आणि माझ्याकडे बघून खदखदून हसली.

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं हसू आहे. मी ते विसरायचा प्रयत्न करतो.

ग्रहण सुटल्यावर हातांनी माती उकरली. पायाशी आली तेव्हा ती किंचाळली. काच होती आत, टाचेत गेली होती. परतताना एका उसाच्या रानातल्या पाण्याच्या मोटारीवर तिला धुतली. थंडीत. ओठ निळे पडले. घरी आलो तेव्हा एक वाजला होता. मामींच्या भाकरी फडक्यात बांधून तयार होत्या. त्यांनी मैत्रीला घेतलं, केसांना नाक लावलं.

"कुटं पडलं लेकरू?"

"शाळेच्या मैदानात. चिखल होता."

मामी जन्मभर शेणात हात घातलेली बाई. चिखलाचा वास वेगळा आणि उकिरड्याचा वेगळा, हे त्यांना माझ्याकडून शिकायचं होतं का? त्यांनी पाणी तापवून परत न्हाऊ घातलं, टाचेत हळद भरली.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. खरा. संध्याकाळी सुजातानं तिचे कपडे काढले आणि ती तशीच थांबली. मैत्रीच्या अंगावर पुरळ उठलं होतं — पायापासून छातीपर्यंत लालभडक, आणि छातीवर एक सरळ रेघ. रेघेच्या वर गोरं, स्वच्छ. टाचेतल्या जखमेत कुजलेली काडी. नर्स ती. शिवाय ह्याच मुलखातली. ती रेघ तिला कुणी समजावून सांगायला नको होती.

तिनं विचारलं. आवाज चढवला नाही. नुसतं विचारलं, कुणी केलं हे?

आता ते येतं, ज्यासाठी मी एवढं फिरवून आणलं तुम्हाला.

मी म्हणालो, "मला काय माहीत? मी शाळेत होतो. मामी होत्या घरी."

तीन वाक्यं. त्यातलं तिसरं तर खरंच होतं. मामींचं नाव घेऊन आरोप केला का मी? नाही. मास्तर आहे, वाक्यं जुळवता येतात. सुजातानं स्वयंपाकघराकडे बघितलं. मामी दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काय केलं — हात जोडले? डोळ्यांनी विनवलं? तेवढंही नाही. मी खाली बघितलं. मैत्रीच्या टाचेकडे, काळजी असल्यासारखं.

"व्हय," मामी म्हणाल्या. "चुकलं माजं."

का म्हणाल्या? जावयाची मान खाली जाऊ नये म्हणून? लेकीचा संसार मोडेल म्हणून? की मी स्वतःच आता बोलेन, असं वाटून त्यांनी मला एक मिनिट दिलं — आणि मी ते घेतलंच नाही? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

सुजातानं आईला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. ज्या बाईनं जन्मभर ग्रहणात भाकरी थापल्या, तिनं असं का करावं? विचारलं नाही, कारण अडाणी म्हातारीवर हे पटकन बसतं. मास्तरावर बसत नाही. मी ते जाणून होतो. त्या तीन वाक्यांचा सगळा भार मी त्याच्यावरच ठेवला होता.

ताप चौथ्या दिवशी उतरला. मामी त्याच्या आदल्या दिवशीच गेल्या. औरादच्या गाडीत बसवायला मीच गेलो. पिशवी वर ठेवली, खिडकीजवळची जागा बघून दिली. अर्धा तास गाडी हलली नाही. अर्धा तास आम्ही दोघं! मी हवापाण्याचं बोललो. गाडी सुटताना त्या एवढंच म्हणाल्या, "शेंगा चुकवू नका. संध्याकाळच्या बी."

चुकवल्या. सांभाळायला बाई ठेवली, ती मैत्रीला मोबाइलसमोर बसवायची. सुजाता दमून यायची. मी रविवारी घ्यायचो, पाच शेंगांनंतर कंटाळायचो. आधी ती चार पावलं टाकायची. उन्हाळ्यापर्यंत तेवढीही टाकेना. मग सुजातानं रजा काढली, बीदरला खेपा घातल्या. वर्षभरानं मैत्री चालली. डॉक्टर बरोबर होते. वेळ लागला. त्यातला किती तिच्या पायांनी घेतला आणि किती मी, ते मला माहीत आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण मला भाषणं होती ना!

पहिल्यांदा कधी बोललो आठवत नाही. नेहमीचं भाषण चालू होतं, लोक जरा पेंगायला लागले होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "दुसऱ्याचं कशाला, माझ्या घरातलंच सांगतो! माझी सासू!" सगळे सावरून बसले. मग मी मामी झालो. डोक्यावर पदर घेतला, कमरेत वाकलो, इकडं तिकडं चोरून बघत नात काखेत मारली. हशा. टाळ्या. दुसऱ्या ठिकाणी अजून मीठ लावलं. तिसऱ्या ठिकाणी लोकच म्हणायला लागले, सर, ते सासूबाईंचं सांगा.

आणि दोन वर्षांपूर्वी औरादकडं एका खेड्यात बुद्धजयंतीला बोलावलं. मामींच्या गावाहून चार किलोमीटर. तेवढ्यावरून येणार कोण, म्हणून मी गेलो. पदर डोक्यावर घेतला, कमरेत वाकलो — आणि बायकांत पुढून तिसऱ्या ओळीत पांढऱ्या लुगड्यात मामी दिसल्या.

थांबता येत होतं. पदर सोडून दुसरं काही सांगता येत होतं, माझ्याकडे गोष्टींची काय कमी? पण लोक हसायला लागले होते. अर्ध्या हशात थांबायची मला सवय नाही. मी शेवटपर्यंत केलं. त्यांच्या गावच्या बायका हसता हसता त्यांच्याकडे वळून बघत होत्या. मामी स्टेजकडे बघत राहिल्या. कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या बाजूनं निघून गेलो. आयोजकांना सांगितलं, पोटात दुखतंय.

हे सगळं आज का लिहायला घेतलं? गेल्या रविवारी जे झालं त्यामुळे.

मैत्रीनं हट्ट धरला की उन्हाळ्यात आजीकडे जायचं. पिंकी जाते, मग मी का नाही? सुजाता तांदूळ निवडत होती. ती दर दिवाळीला आईला लुगडं पाठवते, भावाच्या हाती औषधं पाठवते, पण स्वतः बोलत नाही आणि मैत्रीला पाठवत नाही. एवढी वर्षं तिनं मैत्रीला कारण सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. आजीनं तुला ग्रहणात उकिरड्यात पुरलं होतं, तुझ्या टाचेवरची ती खूण त्याचीच.

मैत्री माझ्याकडे वळली.

"पप्पा, खरंच?"

"व्हय," मी म्हणालो.

"कामून?"

"तुझे पाय चांगले व्हावेत म्हणून."

"मग मला वर कसं काढलं?"

आणि मी सांगायला लागलो. मला सांगायला आवडतं, काय करू? माती आधी छातीपासून मोकळी करावी लागते. मग काखेत हात घालून ओढायचं नाही, तर मांड्यांपर्यंत उकरायचं, कारण ओली माती धरून ठेवते. राखेनं नखं कशी पांढरी होतात. टाच मोकळी झाली तेव्हा तू कशी ओरडलीस. मग उसाच्या मोटारीखाली —

सुजाताचा हात तांदळात थांबला.

"तुम्हाला कसं माहीत हे सगळं?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ प्रश्न विचारला होता. तिच्या आवाजात संशय होता का? मला वाटतं, तेव्हा नव्हता. नुसतं नवल होतं. दार उघडून समोर ठेवलं होतं.

"मामींनीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "स्टँडवर. जाताना."

सुजाता परत तांदळाकडे वळली. त्या दोघी बोलत नाहीत. हे कुणी ताडून बघणार नाही, हे मला उत्तर देतानाच माहीत होतं. म्हणून तर ते उत्तर दिलं.

मामींनी मला काही सांगितलं नव्हतं. मामी तिथं नव्हत्या. त्या घरी दार उघडं टाकून भाकरी थापत होत्या. मैत्रीला मी नेलं. खड्डा मी शोधला, माती मी ओढली.